दादांनी बिडी ओढली नाही

दादा गेल्याची तार पारोळ्याकडच्या आमच्या गावाहून सुरतेत गोडादऱ्याला आली तेव्हा मी मिलमधली पाळी संपवून हातपाय धूत होतो. शेजाऱ्यानं हळहळून विचारलं, "बिडीनंच घात केला ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी खाली बघून पाय चोळत राहिलो... कारण ती बिडी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडात मीच कोंबली होती.

त्रेसष्टच्या सुमारास आम्ही दोघं खानदेश सोडून सुरतेत आलो. कापड रंगवणाऱ्या एका मिलमध्ये दादा बॉयलरवर कोळसा घालणारा आगवाला म्हणून लागले, मी घडी खात्यात. सकाळी चाळीतल्या बायका आधी मिलच्या चिमणीकडे बघायच्या. धूर दिसला की आज काम आहे म्हणून निर्धास्त व्हायच्या. दादांना मात्र काळ्या धुराची लाज वाटे. कोळसा नीट जळला नाही की धूर काळा निघतो, तो आगवाल्याचा दोष, असं ते मानत. मालक स्वस्तातला, भुकटी झालेला, गंधक भरलेला कोळसा आणणार आणि हा भला माणूस भट्टीपुढे घामाघूम होत स्वतःलाच बोल लावणार! त्या धुरानं वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडत, छपराचे पत्रे गंजून त्यांची चाळण होई, आवारातला कडुलिंब ऐन चैत्रात पिवळा पडे. झाडाचं पान करपवणारा तो गंधकाचा वायू माणसाच्या छातीत काय करत असेल, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मिलनं शोधलेला उपाय म्हणजे दर पाळीला गुळाचा एक खडा. गुळानं छाती साफ होते यावर आमचा सगळ्यांचा गाढ विश्वास. दादा तर तो प्रसादासारखा दोन्ही हातांत घेत. त्या भोळेपणाचा मला आज संताप येतो, आणि हातावर खडा ठेवून मोकळे होणाऱ्यांचा त्याहून जास्त.

पुढे खोकला सुरू झाला, जिना चढताना दादांना धाप लागू लागली. मिलच्या डॉक्टरकडे नेण्याआधी सुपरवायझरनं मला बाजूला घेतलं. "बॉयलर का नाम मत लेना. नहीं तो दोनों भाई घर बैठोगे." डॉक्टरनं विचारलं, "केटली बीडी पिये छे?" दादांना खोकल्याची उबळ आली होती. मी म्हणालो, "रोज एक बंडल." डॉक्टरनं मान वर न करता लिहून घेतलं. त्याला तेवढंच हवं होतं.

घरी येताना दादा वाटेत थांबले. "तू कसाले खोटं बोलना रे? मी कधी बिडीले हात तरी लावा का?" मी म्हणालो, "नोकरीसाठी, दादा." तीन महिन्यांत मिलनं त्यांना काढलंच, तेही तोच कागद पुढे करून... बिडी ओढून छाती खराब केलेला माणूस म्हणून! ते गावी परतले, माझी नोकरी मात्र राहिली. तिची मला आज किळस येते.

तेराव्याला गावी पंगत बसायच्या आधी मी उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की माझ्या भावानं आयुष्यात बिडी ओढली नाही, त्याला मिलच्या धुरानं मारलं, आणि खोटं मी बोललो होतो. कुणी मान डोलावली, कुणी मांडलेल्या पत्रावळीकडे पाहत राहिलं.

पाहुणे पांगल्यावर मी दादांच्या खोलीत गेलो. आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नसे, म्हणून शेवटचं वर्षभर ते भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपत. पांढऱ्या मातीच्या त्या भिंतीवर त्यांच्या पाठीचा तेलकट डाग उमटला आहे. वहिनी त्यावर पोतेरं फिरवू देत नाहीत. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हाई तुमना भाऊ जित्ता व्हतात तवय सांगाले जोयजे व्हतं."