न्ये वैद्यांचा चोथा

क्वांग देपेईला नाडी उत्तम कळे; फक्त ती दाखवायला हल्ली त्याच्याकडे कुणी येत नसे. सगळे समोरच्या न्ये श्यूलिनकडे जात. दोघांनी एकाच गुरूकडे मुळ्या कापल्या, खल घासले. श्यूलिन तर चार वर्षं मागून आलेला. आता त्याच्या दारात सकाळपासून पोटदुख्यांची रांग, आणि क्वांगच्या बाकावर मांजर! "काय देतो एवढं? अमृत?" असं तो बायकोला दिवसातून दोनदा विचारी.

त्यात अल्सर झाला खुद्द क्वांगलाच. वैद्याने स्वतःला औषध देऊ नये म्हणतात. त्याने वर्षभर दिलं, आणि गेल्या आठवड्यात शौचाला काळं झालं. आत रक्त जातंय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. समोर जाऊन हात पुढे करणं एवढंच उरलं होतं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला अगदी मनापासून वाटे.

काढा संपला की चोथा रस्त्यावर टाकायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवला की दुखणं निघून जातं, ही गावाची रीत. श्यूलिनच्या औषधाने खडखडीत बरा झालेल्या बसड्रायव्हर हूचा चोथा चौकात पडला होता. क्वांगने इकडेतिकडे पाहिलं आणि चक्क उकिडवा बसला. समुद्रफेन, ज्येष्ठमध, भाजलेले शिंपले, संत्र्याची वाळकी साल. काही चघळूनही पाहिलं. अकरा जिनसा, आणि अकराही त्याच्या स्वतःच्या खणांत होत्या! एवढ्यावर हा मोठा झाला?

घरी बायको, लानइंग, भडकली. "लोकांचं दुखणं ओंजळीत भरून घरात आणलंत? अहो, समोर भावजी बसलेत, जा की सरळ!"

"तुझे भावजी असतील. माझा कुणी नाही तो."

पंधरा दिवस त्याने तोच काढा घेतला. आग तशीच, काळं तसंच. सोळाव्या दिवशी न राहवून त्याने हूला चहाच्या दुकानात गाठलं.

"तुला नुसता काढाच होता ना रे?"

"छे! पूड होती की वर. आमरीच्या कंदाची म्हणे, खळीसारखी चिकट. आणखी काय घालतात कोण जाणे. नाडी बघून स्वतः खलतात; माझी वेगळी, मेहुणीची वेगळी. कोमट पाण्यात कालवायची, उकळायची नाही." हू हसला. "वैद्यबुवा, हे मी तुम्हाला सांगायचं?"

जे उकळलंच नाही ते चोथ्यात कुठून येणार? पहिल्या वर्षाचा शिकाऊही असा फसला नसता. मत्सराने त्याची विद्याच खाल्ली होती.

घराच्या तीन पायऱ्या चढताना त्याला घेरी आली. तो तिथूनच वळला आणि समोरच्या रांगेत शेवटी जाऊन बसला.

"वैद्यालाही वैद्य लागतो म्हणायचा!" एक म्हातारी मोठ्याने म्हणाली. क्वांगचे कान तापले, पण तो उठला नाही.

त्याची पाळी आली तसा श्यूलिन उभा राहिला. "बसा, दादा." तीन बोटं मनगटावर टेकली. डावा हात, उजवा, पुन्हा डावा.

"आधी जिल्ह्याच्या दवाखान्यात दुर्बीण घालून या, आजच. औषध मग बघू. पण दादा, नाडी तारेसारखी ताठ लागतेय."

ताठ नाडी म्हणजे यकृतात कोंडलेला राग, आणि तो उतरतो पोटावर. दोघांनी हे एकाच सतरंजीवर बसून पाठ केलं होतं. अशा रोग्याला पुढे काय विचारायचं, तेही.

श्यूलिनने आवाज खाली आणून विचारलं, "किती वर्षांचा राग आहे? कुणावर?"

रांगेतली म्हातारी पुढे झुकली. खोटं बोलायला क्वांगची जीभ तयार होती, पण हात श्यूलिनच्या बोटांखाली होता.

"एकवीस वर्षांचा," तो म्हणाला. "तुझ्यावर."

श्यूलिनने मान खाली घातली. बोटं मात्र उचलली नाहीत.