हरणाऱ्या टीमचा न्हावी

कुवेतमधल्या हवल्लीतल्या त्या न्हाव्याचं नाव मी कधी विचारलं नाही; हातात वस्तरा घेऊन कायम संतापलेल्या माणसाला कोण विचारणार? रत्नागिरीकडच्या त्याच्या गावच्या टेनिस-बॉल टीमची मॅच फोनवर लागली, की हा ओरडायचा ते थेट इराणात ऐकू जायचं.

"अरे गाढवा, कॅच होता की गरम भजी?"

यंदाही टीम हरली. माझी अर्धी दाढी झाली होती. मी म्हणालो, "चाचा, टीम बदला की! शेजारच्या गावाची धरा."

वस्तरा थांबला. "माझा बापपण जन्मभर हरला. त्यालापण बदलू? ऊठ खुर्चीवरून!"

फेसासकट मला रस्त्यावर काढलं! त्याच्या सात पिढ्या उद्धरत मी सालमियाला घरी निघालो. वाटेत शंभर सलून लागली असतील. पण मेलं, न्हावी बदलायला मन होईना.