पाणी घालून निघालेलं खरं

कन्हेरीत आमच्या तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दरारा होता. गावच्या डेअरीवर त्यांनी उभा जन्म दूध मोजलं, पण पाणी घातलेलं एक कॅन कधी आत घेतलं नाही. सख्ख्या मेव्हण्याचंसुद्धा परत पाठवलं. मामा त्यानंतर वर्षभर आमच्याकडे जेवला नाही.

गेल्या वर्षी हेच तात्या चालताना दाराच्या चौकटीला धडकायला लागले. बाजूचं दिसेना. "वय झालं," म्हणून उडवून लावायचे. मी त्यांच्याइतकीच तापट. धरून बारामतीला नेलं. मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिथं लिंबाएवढी गाठ निघाली. ती डोळ्यांच्या नसा दाबत होती. ऑपरेशन पुण्याला, नाकातून. नजर राहील की जाईल, छातीठोक कुणी सांगेना. तात्या दिवसभर जेवले नाहीत. मला इतकं भरून आलं, की मी उगाच आईवर खेकसले.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कापायच्या आधी गाठ कुठल्या जातीची ते कळायला हवं. यातली एक जात नुसत्या गोळ्यांनी आकसते." त्या जातीची गाठ दूध आणणारं हार्मोन बनवते, पुरुषांतसुद्धा. हे ऐकून तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

पण रक्ताच्या रिपोर्टात ते हार्मोन जेमतेम वाढलेलं. म्हणजे ती जात नव्हे, ऑपरेशन अटळ. आम्ही उठायला लागलो, तर बाई गाठीच्या फिल्मकडे बघतच राहिल्या.

"एवढी मोठी गाठ आणि आकडा एवढासा? पटत नाही. हार्मोन फारच जास्त असलं की कधी कधी तपासणीच चकते, कमी दाखवते. रक्ताचा नमुना तपासणीला झेपेल इतका पातळ करून पुन्हा मोजायला सांगते."

"म्हंजी पाणी घालून?" तात्या ताठ झाले.

"तसंच समजा."

"आन् त्येच खरं धरायचं? न्हाय बाई. पाणी घातल्याव खरं कसं निघंल?"

"तात्या, ही तुमची डेअरी न्हाय. गप बसा," मी म्हणाले. त्यांचं तोंड नासकं दूध पुढ्यात आल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. आकडा कितीतरी पटींनी चढला होता. गाठ गोळ्यांचीच निघाली, ऑपरेशन रद्द. मी पोरांसमोर रडले, सांगायला लाज कसली? तात्यांनी पहिला फोन मामाला केला. "दाजीला पाण्यानं वाचवलं बघ," म्हणाले. मामा किती वेळ हसत होता.

गोळी आठवड्यातून दोनदा. दीड महिन्यानं डोळे तपासून आम्ही बारामतीच्या बाजारातून निघालो. आई-तात्या पुढं, मी मागं. डावीकडच्या बोळातून एक मोटरसायकल सुसाट आली. मी ओरडायच्या आत तात्यांनी आईचा हात धरून तिला मागं ओढलं. गाडी निघून गेली. मी जागच्या जागी थांबले, कारण तात्यांनी हात सोडला नव्हता. आमच्या घरात असं कुणी कधी केलेलं नाही.

"सोडा की," आई लाजून म्हणाली, "लोकं बघत्यात."

"बघू दी," तात्या म्हणाले. "मला बी दिसत्यात."