रोबोटातली म्हातारी

तीस वर्षं मी ज्याला खोटारडा समजत होतो, तो परशा परवा गेला.
आणि तो खरं बोलत होता.

हे मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. सांगायचं राहिलं.

आम्ही दहावीत होतो. रामनगरला ट्रक थांबतात तिथे एका टायरवाल्याने दुकानात व्हिडिओ गेमचं मशीन आणून ठेवलं. गोल मैदान, त्यात दोन अवाढव्य रोबोट आणि त्यांची मारामारी. बस्स. अभ्यास गेला खड्ड्यात.

मी लाल, चपळ रोबोट घ्यायचो. परशा कुणीच घेत नसे तो ढब्बू घ्यायचा.
"ह्येला घाई न्हाई. मार खातोय, पर पडत न्हाई," म्हणायचा.

लास्ट लेव्हलच्या काळ्या रोबोटला अख्ख्या रामनगरात कुणी हरवलं नव्हतं. एका दुपारी परशा धापा टाकत माझ्या घरी आला.

"हरिवलं काळ्याला! त्याची छाती उघडली बघ. आतनं एक म्हातारी उतरली आन् वाकून नमस्कार केला तिनं."
"म्हातारी? रोबोटात?"
"आईशप्पथ! मग लाईट गेली."

बघायला कुणी नव्हतं. टायरवाला जेवायला गेला होता.

मी पोट धरून हसलो. खरं सांगायचं तर जळलो. माझ्याआधी हा कसा जिंकला? मीच पोरं गोळा केली आणि म्हणालो, "खरं आसंल तर देवीफुडं नारळावर हात ठेव."

आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही. मोठी माणसं बांधाची भांडणं अशीच मिटवतात. शपथ घेतली की आठ दिवस सगळे बघत राहतात. त्या आठ दिवसांत घरात काही वाईट घडलं, तर शपथ खोटी.

परशाने बिनधास्त हात ठेवला.

सहाव्या दिवशी जंगलात लाकडं भरताना त्याच्या आप्पांच्या पायावर ओंडका पडला. पाय कायमचा अधू झाला.

झालं. आणखी पुरावा कुणालाच लागला नाही. मलाही नाही.

आप्पा काठी टेकत त्याला देवळात घेऊन आले. आम्ही सगळी पोरं दारात उभी.
"चुकलं म्हण."
परशाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.
"चुकलं," तो म्हणाला.

पुढे दोस्ती टिकली, एकमेकांच्या लग्नात नाचलो. पण गेमचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाने तोच गेम लॅपटॉपवर शोधून दिला. रेट्रो म्हणे! चष्मा सावरत मी आठवडाभर लाल रोबोटने हरत होतो. शेवटी मुकाट्याने ढब्बू घेतला.

काळा कोसळला. छाती उघडली.
पांढऱ्या केसांची एक बुटकी म्हातारी खाली उतरली आणि तिने वाकून नमस्कार केला.

मी रडायला लागलो. मुलगा म्हणाला, "पप्पा, जिंकलात की!"

फोनवर व्हिडिओ काढला. पाठवला मात्र नाही. मला परशाचं तोंड बघायचं होतं ना! म्हटलं, उळवीच्या जत्रेला भेटूच, तेव्हा दाखवू. केवढा शहाणा मी.

काल त्याच्या घरी गेलो. वहिनींना व्हिडिओ दाखवला, सगळं सांगितलं.

"भावजी, हे दर वर्षाला देवीला माफीचा नारळ ठेवायचे. म्हणायचे, ल्हानपणी मी खोटी शपथ घेतली, म्हणून आप्पांचा पाय गेला."
"खोटी नव्हती, वहिनी."
"मी एकदा इचारलं, म्हातारी खरंच दिसली व्हती काय? तर म्हणाले, आता मलाच कळंना. सगळी म्हणत्यात न्हाई, मग नसंलच दिसली."

मला तिथे बसवेना.

माझ्या एका हट्टापायी या माणसाने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला. आणि जन्मभर बापाच्या लंगडण्याचं ओझं वाहिलं.

त्या दिवशी देवळाच्या दारात उभे असलेले तुम्ही बरेच जण ही पोस्ट वाचाल. व्हिडिओ खाली लावलाय. बघा, आणि आपापल्या घरी सांगा. वहिनींनाही जाऊन सांगा.

परशा, आप्पांचा पाय तुझ्यामुळे गेला नाही रे. हे मी तू असताना सांगायला हवं होतं.

भरल्या मनाने निरोप, मित्रा. चुकलं माझं.