पोळ्याच्या रांगेतली गाडी

"भंगारात काढा म्हणायला माझं काय जातं, भाऊ? पन वहिनीला सांगनार कोण?"

ट्रकखालून सत्तारभाईंचा आवाज आला. शहागडला हायवेलगत त्यांचं गॅरेज आहे आणि आमचा ट्रक कित्येक वर्षं त्यांच्याच हातचा. बाबा बाजूला उकिडवे बसले होते. मी केबिनमध्ये बसले आहे हे दोघंही विसरले होते. माझ्या बाबतीत लोकांचं तसं होतं.

"वहिनीला न्हाई सांगता येत," बाबा म्हणाले. "दादाची गाडी हाय ती, तिचा जीव हाय तिच्यात. पोळा झाला की तुम्ही इंजिन उतरवा, काम करा."

"करतो. मंग गिअरबॉक्स जाईल. मंग चेसी. बुढ्या मानसावानी एकेक सुरू व्हतं, भाऊ."

ही वहिनी म्हणजे माझी मोठी आई, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ट्रक मोठ्या बाबांनी घेतला होता. ते गेल्यावर ती तो विकेल असं सगळ्यांना वाटलं. तिने किल्ली बाबांच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसली. तेव्हापासून आसपासच्या बागांतली मोसंबी भरायची आणि मार्केटला न्यायची, हा दीर-भावजयीचा धंदा. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण तिच्याशिवाय गाडी निघतही नसे. गोदावरीच्या पुलावर ट्रक चढला की ती हात वर करायची. "गप. ऐकू द्या." कठड्यावर आपटून इंजिनाचा आवाज परत येतो, तो ती कान देऊन ऐकायची. बाबा टेप बंद करायचे. पूल संपला की निकाल: "बराबर हाय," नाहीतर, "सत्तारभाईकडं घ्या."

ट्रॅक्टर आल्यावर आमच्याकडे बैल राहिले नाहीत. मोठ्या आईने पोळा मात्र सोडला नाही. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, तसं ती ट्रकच्या बंपरला चोळायची आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." दुसऱ्या दिवशी आरशांना गोंडे, काचेवर बाशिंग, टपावर झूल, आणि वेशीत बैलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी आमचा ट्रक.

"वहिनी, पुरणपोळी कुठून चारता? डिझेलच्या टाकीतून?" कुणीतरी विचारायचंच.

"तुमचा बैल मोसंबी घेऊन जालन्याला जातो का? मंग गप बसा."

तिचा आणखी एक कायदा होता. घरात काही ठरवायचं तर ती सगळ्यांना गोल बसवायची आणि बोलायला सगळ्यात लहान माणसापासून सुरुवात करायची. "मोठा आधी बोलला की बाकीचे मुंड्या हलवतेत. मंग बैठक काहून भरवायची?" सगळ्यात लहान मी. माझी शाळा जालन्यातली, इंग्रजी माध्यमाची. मनात मराठी वाक्य जुळवेपर्यंत घरातलं बोलणं पुढे गेलेलं असायचं. मी दरवेळी म्हणायचे, "माझं काही नाही." ती रागवायची नाही. "आमच्या मॅडमचं उद्या कळंल," म्हणून पुढच्याकडे वळायची. आता ती नाही, पण कुणी माझं मत विचारलं की आधी तिचा आवाज ऐकू येतो.

पोळ्याच्या थोडं आधी एके दिवशी ती मला घेऊन जालन्याला निघाली. गाडीचा एक पाइप बघायचा आहे म्हणाली. रिक्षा थांबली ती ट्रकच्या शोरूमसमोर.

नव्या ट्रकच्या पायरीशी तिने चपला काढल्या. सेल्समन म्हणाला, "मावशी, राहू द्या, घालून चढा."

"नव्या घरात चपला घालून जातेत का?"

ती थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसली. बटण दाबून काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. एसीचा वारा तोंडावर घेतला. मागचा झोपायचा बाक हाताने दाबून पाहिला. "भाऊजीला पाठ टेकाया जागा हाय." मग इंजिन सुरू करायला लावलं आणि हात वर केला. सगळं शोरूम गप्प झालं. ती ऐकत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा असा फुलला, की जत्रेतल्या पाळण्यात बसलेली मुलगीच वाटावी.

"तुला आवाज येऊन राह्यला का गं? मला तर काहीच ऐकू येऊन न्हाई राह्यलं."

परतताना बसमधून स्टीलच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसत होत्या. आमच्या भागातलं भंगार तिथेच वितळतं आणि त्याचे गज होतात. ती बराच वेळ तिकडे बघत होती. मग म्हणाली, "घरी बिलकुल बोलायचं न्हाई. भाऊजीच्या भावाची एवढीच एक खूण राह्यली. ती भट्टीत घाला म्हणलं तर त्यांना काय वाटंल?"

मी मान हलवली. गॅरेजमध्ये बाबांचं ऐकलं होतं, बसमध्ये तिचं ऐकलं. दोन्ही ठाऊक असलेलं घरातलं एकमेव माणूस मी होते, आणि मी कधी बोलत नव्हते.

पोळ्याच्या दुपारी पुरणपोळ्या झाल्या आणि आम्ही सजवलेल्या ट्रकच्या सावलीत ताडपत्रीवर बसलो. मोसंबी उतरायला आली होती. निर्णय आजच हवा होता. बाबा कायदा विसरून आधीच बोलले.

"वहिनी, इंजिनाचं कामच करून घेऊ. तुमच्या मनासारखं."

"व्हय, तुम्ही म्हणता तसं करू, भाऊजी," ती म्हणाली. आवाजात हसू होतं, डोळ्यांत नव्हतं.

बाबांनी सत्तारभाईंना लावायला फोन काढला. तेवढ्यात तिने हात वर केला, पुलावर करायची तसा.

"थांबा. लहान्यापासून. मॅडम राह्यली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं ते सवयीने, पुढे सरकायच्या तयारीत. काचेवरचं बाशिंग वाऱ्याने फडफडत होतं. या वेळी मी वाक्य आधी जुळवत बसले नाही.

"बाबा, मोठ्या आईला नवी गाडी पाहिजे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाही. आणि मोठी आई, बाबांचंही तुझ्यासाठी तेच चाललंय."