वैजूची चाल

गुलबर्ग्याच्या फलाटावर अप्पांनी माझ्या हातातली पेटी काढून घेतली. पेटी म्हणजे हार्मोनियम, पण आमच्याकडं तिला हार्मोनियम कुणी म्हणत नाही. चादरीत बांधून, बसमध्ये मांडीवर धरून मी ती आळंद तालुक्यातल्या आमच्या गावाहून स्टेशनपर्यंत आणली होती. मुंबईची गाडी फलाटाला लागली आणि अप्पा म्हणाले, "तू बंबईला जायलास. तिथं पेट्या लई भेटतील. ही हितं राहू दे, भजनाला लागती. वैजू वाजवील."

घरी बोलले असते तर मी भांडलो असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वैजू माझा मावसभाऊ, माझ्याहून लहान. तो माझी बॅग धरून शेजारीच उभा होता. त्यानं निमूट बॅग माझ्याकडं दिली आणि पेटी घेतली. गाडी सुटली. माय पदरानं डोळे पुसत होती, अप्पा हात हलवत होते, आणि मी खिडकीतनं बघत होतो ते वैजूच्या कडेवर बसलेल्या माझ्या पेटीकडं.

त्या दिवसापासून मी वैजूवर जळतो. मत्सर, असूया असले शब्द मी वापरत नाही, सरळ जळतो म्हणतो. गावाकडं राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं गेलेले सुटले, मजेत आहेत. आणि माझ्यासारखे जे पुण्याला, हैदराबादला, दुबईला गेले, त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, आपल्या रिकाम्या जागेवर कोण बसलं हे बघून पोटात दुखतं की नाही?

मुंबईत पेट्या लई होत्या, अप्पा खोटं बोलले नव्हते. पण कुणी मला त्यांना हात लावू देत नव्हतं. एका नावाजलेल्या संगीतकाराकडं मी आधी नुसतं चहा-नाश्त्याचं बघायचो, मग कीबोर्ड वाजवायला लागलो, मग त्यांच्या वतीनं बॅकग्राउंड करायला लागलो. नायिका रडली की बासरी, व्हिलन आला की ढोल. वर्षं गेली. मग मला स्वतःचे पिक्चर मिळायला लागले, मराठीच, लहान बजेटचे. आजही डायरेक्टर समोर बसतात आणि म्हणतात, जरा मातीचा फील दे ना यार, तू तर गावचाच आहेस. मी कॉम्प्युटरवरून तयार ढोलकी उचलतो आणि ट्रॅकमध्ये टाकतो. मातीचा फील झाला, पुढचा सीन.

तिकडं वैजू तूर पेरायचा, गुरुवारी भजनाला बसायचा, लग्नात हळदीला गायचा. मी फोन केला की माय माझं खाणंपिणं विचारायची आणि लगेच वैजूवर यायची. काल वैजूनं काय म्हटला म्हणून सांगू, सगळ्या बाया रडल्या. माझ्या पिक्चरचं नाव तिला एकदाही धड घेता आलं नाही. आपण केलेली एक तरी चाल मायनं भाकरी थापताना आपणहून गुणगुणावी, एवढंच मला पाहिजे होतं. अवॉर्ड वगैरे ठीक आहे, तो कपाटावर बसतो.

तर मी एक चाल केली होती. एका पिक्चरसाठी, शेतातल्या प्रेमगीताची. सगळं आयुष्य तिच्यात ओतलं म्हटलं तरी चालेल. रेकॉर्डिंग झाल्यावर वैजूलासुद्धा पाठवली. खरं सांगायचं तर जिरवायला पाठवली, की बघ बाबा, पेटी तुझ्याकडं आहे पण चाल इकडं होते. त्यानं उत्तर दिलं, "लई झकास, अण्णा." पिक्चर आला आणि आठवड्यात गेला. आमच्या भागात तर तो लागलाच नाही. गाणं त्याच्याबरोबर बुडालं आणि मायला ऐकवायचं राहूनच गेलं.

गेल्या साली येळवसीला गावी गेलो. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या सीमाभागात त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून त्या पांडवांची पूजा करायची, आणि मग डाळी-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. तेही फक्त आपल्याच शेतात नाही, बोलावतील त्या प्रत्येकाच्या कोपीत. माय कोपीच्या सावलीला बसली होती, शेजारच्या शेतातली शांताक्का आणि चारपाच बाया भोवती होत्या. अप्पा आता नाहीत. पोट भरलं होतं, मन मऊ झालं होतं. मला वाटलं, हीच वेळ. मी फोन काढला, आवाज मोठा केला आणि ते गाणं लावलं. म्हटलं, माय, ऐक, ही चाल मी केली.

मुखडा संपायच्या आत शांताक्का म्हणाली, "आरं, ही तर आपल्या वैजूची चाल."

बाया माना हलवायला लागल्या. व्हय, व्हय, वैजूचंच भजन. एकीनं तर फोनच्या पुढं जाऊन पुढची ओळ म्हणून दाखवली, शब्द देवाचे, शेतातल्या लक्षुमीचे. माझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. भजनी मंडळाची रीत तुम्हाला माहीतच आहे. पिक्चरची चाल उचलायची आणि तिच्यात देवाचे शब्द बसवायचे. वैजूनं माझी उचलली होती. पिक्चर कुणी बघितला नव्हता, भजन मात्र आळंदपासून बसवकल्याणपर्यंत पोचलं होतं. आणि आता गावाच्या हिशेबानं चोर मी होतो.

मायनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, काळजीनं. "कामून रं, घेताना त्याला इचारलास तरी का?"

हसावं की रडावं. मी समजावलं, आधी कोणतं आणि नंतर कोणतं ते सांगितलं, आवाज चढवला. बाया तोंडाला पदर लावून बसल्या. तेवढ्यात मंडळ घेऊन वैजू स्वतःच आला, पेटी तशीच कडेवर. मी त्याच्या अंगावरच गेलो. तो बिचारा सरळ मायसमोर बसला.

"मावशी, अण्णाचीच हाय ती. म्या नुसते शब्द बसवलो. सगळ्यांना सांगतो, कोणी ऐकतच न्हाईत."

मायला हसू आलं. "वैजू हाईच तसा. आपलं दुसऱ्याला देऊन मोकळा." मग माझ्या पाठीवरून हात फिरवत, समजूत काढल्यासारखी म्हणाली, "तुझी असती तर मला कळली नसती व्हय?"

वैजूनं पेटी माझ्यापुढं सरकवली. तिची एक पट्टी गेली होती, भाता मात्र नवा होता. मी वाजवायला लागलो आणि बाया गायला लागल्या. मुखड्याच्या शेवटी मी वरच्या षड्जाला गेलो, कारण डायरेक्टरला तिथं हाय पॉइंट पाहिजे होता. बाया अडकल्या. शांताक्कानं मला टोकलं, असं न्हाई, चुकायलास. वैजूनं बाजूनं हात घातला आणि सूर खाली पंचमावर आणून बसवला. बायकांचा गळा तिथवरच जातो, म्हणून त्यानं कधीतरी चाल तेवढी बदललेली. सगळ्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. माय डोळे मिटून गात होती. चाल माझ्यापेक्षा चांगली झाली होती, आणि ते कळल्यावर माझं जळणं दुप्पट झालं.

मुंबईला परत आलो. लोक विचारतात, गाव सुटलं, घर कुठलं मानतोस? पूर्वी मी म्हणायचो, जिथं आपल्याला ओळखतात ते. आता म्हणत नाही. जिथं माझ्याच चालीत माझी चूक काढतात आणि मला गपगुमान सूर खाली आणावा लागतो, ते माझं घर. तिथं वैजू राहतो, मी राहत नाही, आणि ह्याचा त्रास काही कमी होत नाही.

परवा नवं गाणं झालं. चाल बरी जमलीय. वरचा सूर मी आपणहून पंचमावर ठेवला, डायरेक्टर कुरकुरला, तरी ठेवला. वैजूला पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. मग पाठवलं. खाली लिहिलं, ह्याच्यात शब्द बसव आणि गुरुवारी म्हण. मायला सांगू नको कुणाची हाय.