साडूंच्या घरातली दुसऱ्यांची भांडी

पनवेलमध्ये आजवर जन्मलेल्या, बदली होऊन आलेल्या आणि नुसत्या एसटी बदलायला उतरलेल्या सगळ्या माणसांत माझ्या थोरल्या साडूंइतका सावध माणूस झाला नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघणारे पुष्कळ असतात. आमचे साडू चौथ्यांदा शेजाऱ्याला ओढायला लावत. एसटीत चढले की संकटकाळी बाहेर पडायची खिडकी शोधत आणि ती खरोखर उघडते का, असं कंडक्टरला विचारत. त्यांचा मिक्सर भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्याचं खोकं, थर्माकोल आणि वॉरंटी कार्ड माळ्यावर सुखरूप होतं. "कंपनी उद्या शब्द पाळायला आली तर?" असं त्यांचं म्हणणं.

गाढी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरातलं पायपुसणंसुद्धा भिजलं नाही. पण तळमजल्यावरच्यांचा फ्रीज दारातून तरंगत बाहेर येताना त्यांनी गॅलरीतून पाहिला आणि घरातल्या सामानाचा विमा उतरवायचा, हे त्यांच्या डोक्यानं घेतलं. ते चार वर्षं डोक्यातच राहिलं. मग बंगळूरला दिलेल्या त्यांच्या लेकीला दिवस गेले. पहिलंच बाळंतपण, घरात सासू नाही, म्हणून ताईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या मेव्हणीनं, दोघांची तिकिटं काढायला लावली. साडूंनी जाहीर केलं, "विमा झाल्याशिवाय मी घर सोडणार नाही."

"अहो, कुलूप लावूनच जायचंय ना!"

"कुलूप चोरासाठी. आगीला आणि पाण्याला काय सांगणार?"

ताई एकटी कधी कर्जतच्या पुढे गेली नव्हती. तेव्हा विमा अडला की तिचं लेकीकडे जाणं अडलं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

लेकीसाठी स्थळं बघताना केली नसेल एवढी चौकशी साडूंनी विमा कंपन्यांची केली. दर रविवारी एकेक एजंट येई, पोहे खाई आणि साडू त्याला विचारत, "तुमच्याकडे भरपाई मागायला गेलेल्या एखाद्या माणसाचा पत्ता द्याल का? मी भेटून येतो." दोघे जण पोहे अर्धे टाकून उठले. तिसरी आली ती उरणची एक कोळीणबाई. भरपाई किती दिवसांत मिळेल, या प्रश्नावर ती म्हणाली, "दिवस नाय सांगत काका. कागद मागतील, फेऱ्या मारायला लावतील. पन तुमच्यासंगती मी येईन." साडू एकदम खूश झाले. पसंती तिथेच झाली असती, पण जाता जाता ती बोलून गेली, "सामानाची यादी करून ठेवा. वस्तू तुमचीच पायजेल आनि घरात पायजेल. दुसऱ्याची नाय चालत."

इथेच घात झाला. साडू भिंग घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि प्रत्येक भांडं उलटंसुलटं करून त्यावर टिंबाटिंबांनी घातलेली नावं वाचू लागले. पहिल्याच फळीवरचा डबा करंजाड्याच्या त्यांच्या मित्राचा निघाला, पातेली नेऱ्याच्या आतेबहिणीची, आणि ज्या तांब्यातून ते वीस वर्षं पाणी पीत होते तो कुणाच्या तरी मुंजीतला. "दुसऱ्याच्या मालाचा विमा? उद्या मला आत टाकतील!" म्हणत त्यांनी स्कूटर काढली आणि एकेक भांडं ज्याचं त्याला पोचवायला सुरुवात केली. आता भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून ताई त्यात चार लाडू घाली. लाडू आले म्हटल्यावर समोरचा माणूस तरी रिकाम्या हातानं कसा पाठवेल? नेऱ्याला पातेली देऊन साडू परतले ते डबाभर वालाचं बिरडं घेऊन, आणि डबा अर्थातच आतेबहिणीचा. करंजाड्याहून दोन वाट्या आल्या, झाकणांसकट. आठवडाभर स्कूटर धावली आणि घरात दुसऱ्यांची भांडी होती त्याहून तीन जास्त झाली.

तिकिटाला दोन दिवस उरले. ताई दुपारी आमच्याकडे येऊन बसली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "लेक तिकडे वाट बघतेय आणि मी इकडे भांड्यांची बाळंतपणं करतेय." मला साडूंचा मनापासून राग आला. तेवढ्यात तेच यादीची वही घेऊन, लोकांकडे गेलेली स्वतःची भांडी शोधत, दारात उभे राहिले. स्वयंपाकघरात माझी बायको भाचीच्या लाडवांसाठी डिंक तळत होती. साडूंची नजर कढईवर गेली. "ही आमची!"

त्यांचीच होती. आमच्या वास्तुशांतीला आणलेली पितळी कढई परत करायची अकरा वर्षं राहून गेली होती. बायकोनं ती खाली उतरवली, साडूंनी भिंग लावलं. काठावर ताईचं नाव आणि खाली 'आईकडून'. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग ताईकडे न बघता म्हणाले, "आपली पोर झाली तेव्हा सासूबाईंनी डिंक हिच्यातच तळला होता ना?" साडूंनी भिंग खिशात टाकलं.

"तळून होऊ दे. कढई इथेच राहू दे."

त्याच संध्याकाळी त्यांनी उरणच्या बाईंना बोलावून, होती तेवढ्या यादीवर, सही केली. तिसऱ्या दिवशी दोघं वेळेवर बंगळूरला पोचली, आणि तीन महिन्यांसाठी गेलेली ती दोघंही नातवापायी तिथेच रमली. आता साडू फोनवर आधी नातवाचं सांगतात, मग विचारतात, "कुलूप ओढून बघितलंस?" मी दर रविवारी जातो आणि खरोखर चारदा ओढतो. मला त्यांची फार आठवण येते. त्यांच्या यादीची एक प्रत किल्लीबरोबर माझ्याकडे आहे. कढई परत पाठवू का, असं मी एकदा बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "आले की देऊ." मग मी यादी काढून बघितली. शेवटच्या ओळीत साडूंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'पितळी कढई, एक. धाकट्या साडूंकडे आहे. विम्याची गरज नाही.'